शुक्रवारचा मराठी तास

जुफैर, बहरीन
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय दादा,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर आपण दोघंही ‘बरं आहे’च्या पुढे जात नाही, आणि कागद घेतला की तू तीन पानं लिहितोस, म्हणून मला पत्रच आवडतं. फक्त अक्षर जरा मोठं काढ. सगळा जन्म गणित शिकवण्यात घालवलास, तरी तुझं शून्य अजून सहासारखं दिसतं.

इथे उकाडा सरत नाही. वॉर्डातून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते. बातमी एवढीच की सुयोग भांबळ चालला. सीफच्या बँकेत अकाउंटंट आहे, आपल्या उपासनेत पेटी वाजवतो, तोच. मुलीच्या कॉलेजसाठी पुढच्या महिन्यात कुटुंबासकट पुण्याला परततोय. मी आले तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मराठी उपासनेला चाळीस माणसं असायची. नगर-जालन्याच्या नर्सेसच आम्ही अकरा होतो. सुयोग गेला की उरलो मी आणि सित्र्याचे रावजीकाका, आणि त्यांना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही.

त्यातच चर्चच्या समितीचं पत्र आलं. भाषा फार सभ्य आहे. बाकीच्या मंडळ्यांना जागा पुरत नाही, तरी शुक्रवारचा सहा ते सातचा तास मराठी मंडळी ठेवणार की सोडणार, ते एप्रिलपर्यंत कळवा म्हणतात. काय कळवू ते तू सांग.

येत्या जूनमध्ये मला साठ पुरी होतात. नोकरी संपली की व्हिसा संपला, नगरला माझा सावेडीचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहेच. वहिनी गेल्यावर तू एकटा पडशील याची मला धास्ती होती. आर्या, जावई आणि नातू तुझ्याजवळ राहायला आले, तेव्हापासून मी निर्धास्त आहे. त्यांना माझा सलाम सांग.

कागदाची काटकसर न करता उत्तर लिही.
तुझी लीना


कँटरबरी, इंग्लंड
६ ऑक्टोबर २०२४

चि. लीना हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या शून्याला नावं ठेवू नकोस. तुझं अक्षर वाचायला औषधाच्या दुकानातला माणूस बोलवावा लागतो.

घरी सगळे मजेत. ज्याची त्याची कामं चालू आहेत, त्यामुळे माझं फिरणं वाढलंय.

तुझ्या तासाचा विचार करत होतो. या गावात तेवीस वर्षं राहून मला एक गोष्ट या उन्हाळ्यातच कळली, ती सांगतो. नदीकाठी लाकडी चौकटींचं एक जुनं घर आहे, त्याला विणकरांचं घर म्हणतात. साडेचारशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून, आताच्या फ्रान्स-बेल्जियमकडून, प्रोटेस्टंट विणकर जीव वाचवून इथे आले. तिकडच्या कॅथलिक राजवटीत त्यांना त्यांच्या पद्धतीने उपासना करू देईनात, म्हणून बायकामुलांसकट मिळेल त्या होडीत बसले. या शहराने त्यांना ठेवून घेतलं, पण इथले लोक विणतात ते कापड विणायचं नाही, तुमचं काही वेगळं असेल ते विणा, असं बजावलं. त्यांनी विणलं. पुढे रेशीमही विणलं. एके काळी या शहरात तिघांत एक माणूस त्यांच्यातला असे, असं सांगतात. मग हिंदुस्थानातून स्वस्त, सुंदर कापड येऊ लागलं आणि त्यांचे माग थंडावले. म्हणजे त्यांचा धंदा बसवण्यात आपल्या लोकांचाही हात आहे.

एका प्रदर्शनात त्या काळच्यासारखा माग मांडला होता. माहिती सांगणाऱ्या मुलीने आडव्या धाग्याची ती लाकडी नौका हातात धरली आणि माझ्या तोंडून ‘धोटा’ असं निघून गेलं. आई मिशनच्या विणकामशाळेत सतरंज्या विणायची तेव्हाचा शब्द. मुलगी हसली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

आता मुख्य गोष्ट. त्या विणकरांना उपासनेसाठी इथल्या कॅथीड्रलच्या तळघरात जागा दिली होती. लीना, ती उपासना अजून चालू आहे. दर रविवारी दुपारी तीनला, फ्रेंचमध्ये. हल्ली मी दर आठवड्याला जातो, आत्ता तिथूनच आलो. पाळक धरून आठ माणसं होती. विणकरांच्या वंशातल्या म्हणाव्या अशा एकच, मिसेस व्हाइट, वय एक्याऐंशी. त्यांच्या घराण्याचं नाव पूर्वी लब्लां होतं. त्याचा अर्थ पांढरा, म्हणून कुणा पणजोबाने व्हाइट करून टाकलं. बाकी एक काँगोचा टॅक्सीवाला, दोन फ्रेंच विद्यार्थिनी, अशी इकडची तिकडची माणसं. मिसेस व्हाइट सांगत होत्या की त्यांच्या आजोबांच्या वेळी एका हिवाळ्यात पाळक, बाजा वाजवणारा आणि एक ठार बहिरी म्हातारी एवढेच येत होते. तरी उपासना एकदाही चुकली नाही.

तास सोडू नकोस, असं माझं मत. 

तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
दादा


जुफैर
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझे विणकर मला आवडले, पण तुझं मत पटलं नाही. त्यांना परत जायला वाट नव्हती. परत गेले असते तर मारले गेले असते. मला कुणी हाकललं नव्हतं. नगरपेक्षा पगार चौपट होता म्हणून मी आले, आणि दर दोन वर्षांनी सुटीवर जाऊन आंबे खाऊन आले. जीव मुठीत धरून आलेल्या माणसांनी भाषा जपली तर ते शोभतं. मी जपते ती सवयीने.

तरी काल गेले. सुयोगने जाताना पेटी माझ्या हवाली केली, ती मला वाजवता येत नाही. रावजीकाकांचा फोन आला की गुडघ्याने असहकार पुकारलाय. सहा वाजले, सव्वासहा झाले. मी वीस खुर्च्या मांडून बसले होते, त्यातल्या अठरा परत रचून ठेवल्या. मग उभी राहिले आणि सुरुवात केली. एकटीने गीत म्हणताना आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो, आणि माझा आवाज आता आईसारखा झालाय हे मला काल कळलं. दुसऱ्या कडव्याला पोचले.

तेवढ्यात दार उघडून जुबैदा आत आली. ती राजापूरची, आमच्या हॉस्पिटलच्या चादरी-कपड्यांच्या विभागाची सुपरवायझर. तिच्या गाडीतून मी शुक्रवारी घरी येते. एरवी ती बाहेर गाडीत थांबते. काल म्हणाली की गाडीचा एसी बंद पडलाय, मागे बसले तर चालेल का. मी हो म्हटलं. ती शेवटच्या भिंतीशी खुर्ची घेऊन, डोक्यावरून ओढणी घेऊन गप्प बसली. प्रार्थनेत ती नव्हती आणि मीही तिला ओढलं नाही. परतताना तिने सांगितलं की तिची मुलं मराठी ऐकतात आणि इंग्रजीत उत्तर देतात, नवरा दिवसभर दुकानात हिंदी बोलून आल्यावर घरी बोलतच नाही. इतकं सरळ एक तास मराठी तिने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. आणि गाडीचा एसी सगळी वाट थंडगार चालू होता.

दादा, तुला फ्रेंच येत नाही. घरी रविवारी सगळी माणसं असताना तू दर आठवड्याला त्या तळघरात का जातोस? तू त्याचं काहीच लिहिलं नाहीस.

नीट जेवत जा, आणि या प्रश्नाला बगल देऊ नकोस.
लीना


कँटरबरी
५ जानेवारी २०२५

चि. लीना हिस आशीर्वाद. वि. वि.

तू वीस खुर्च्यांचं खरं लिहिलंस, आता मला खोटं लिहवत नाही.

आर्या इथे नाही. गेल्या जुलैत जावयाला एडिंबरोला नोकरी लागली आणि ती तिघं गेली. मला चल म्हणत होती, मनापासून म्हणत होती. पण तिथलं घर दोन खोल्यांचं, नातवाच्या खोलीत मी खाट टाकली तर त्याने अभ्यास कुठे करायचा? मी म्हटलं, मला इथे ओळखीपाळखी आहेत. मग तुलाही कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू तुझ्या निवृत्तीचं सोडून माझ्याच काळजीत पडली असतीस. ऑगस्टपासूनच्या पत्रांत ‘घरी सगळे मजेत’ लिहिलं ते सगळं खोटं. घरी मी आहे.

लीना, सोमवार ते शनिवार मी दुकानातल्या मुलीशी बोलतो तेवढंच. मराठी तर तुझ्या पत्रापुरतीच. उन्हाळ्यात एका रविवारी ऊन लागलं म्हणून कॅथीड्रलमध्ये शिरलो, पायऱ्या उतरून गारव्याला खाली गेलो, तर मिसेस व्हाइटनी गीतांचं पुस्तक हातात दिलं आणि खुर्ची दाखवली. पुढच्या रविवारी मी गेलो तर तीच खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवलेली. एवढ्यासाठी जातो. कळत एक अक्षर नाही.

नाताळाआधीच्या रविवारी पाळकांनी सांगितलं की प्रभूची प्रार्थना आज ज्याने त्याने आपल्या मायबोलीत म्हणावी. बाकीचे फ्रेंचमध्ये, टॅक्सीवाला त्याच्या भाषेत. मी आजवर मनातल्या मनात म्हणत आलो होतो. त्या दिवशी मोठ्याने म्हटली. बाकीच्यांची आधी संपली. माझं शेवटचं वाक्य उरलं होतं, ते मी एकट्यानेच म्हटलं, आणि सगळे माझं संपेपर्यंत थांबले. घरी आल्यावर मी बराच वेळ कोट घालूनच बसून राहिलो.

तू म्हणालीस ते खरं आहे, आपल्याला कुणी हाकललं नाही. म्हणून तक्रार कुणाकडे करायची तेही कळत नाही.

रागावणार असलीस तर तेही पत्रात लिही, पण पत्र बंद करू नकोस.
दादा


जुफैर
२६ एप्रिल २०२५

प्रिय दादा,
सप्रेम सलाम. वि. वि.

तीन महिने लिहिलं नाही ते रागामुळे. सुरुवातीला तुझ्यावर होता, मग माझ्यावर. तुझ्या पत्रांतून नातवाचं नाव गळालं होतं, आणि रोज रोग्याच्या चेहऱ्यावरून ताप ओळखणाऱ्या मला ते दिसलं नाही. आर्याला मी फोन केला. ती रडली. तिला वाटत होतं की तू दर रविवारी मित्रांकडे जेवायला जातोस.

आता माझं सांगते. तास मी सोडला.

झालं असं की फेब्रुवारीपासून हॉलच्या दाराशी सातच्या आधीच मुली जमायला लागल्या. इथिओपियाच्या, घरकामाला आहेत. आठवड्याची एकच सुटी, तीही प्रत्येकीला मिळते असं नाही. त्यांची उपासना सातला, पण कुणाला साडेआठला मालकाच्या घरी पोचायचं असतं, कुणाला त्याआधी. मी आत दोन खुर्च्यांवर मराठी चालवत होते आणि त्या चाळीस-पन्नास जणी जिन्यात उभ्या. सखीरला मोटारींची शर्यत होती त्या शुक्रवारी रस्ते तुंबले, जुबैदाही आली नाही. मी एकटीच उभी राहून वाचत होते आणि दारापलीकडे त्यांची कुजबुज. एक खोकत होती. नर्सच्या कानाला खोकला आधी ऐकू येतो. मला वाचवेना. तुझा बहिऱ्या म्हातारीचा दाखला आठवला, पण त्यांच्या जिन्यात कुणी उभं नव्हतं.

समितीला कळवलं की सहाचा तास त्यांना द्या. काल आमचा शेवटचा होता. जुबैदाने रावजीकाकांना सित्र्याहून गाडीत घालून आणलं आणि दोघींनी धरून जिना चढवला. आम्ही तिघं बसलो. काकांनी प्रार्थना केली, त्यात गेलेल्या सगळ्यांची नावं घेतली, इतकी की मला वाटलं आता थांबणार नाहीत. साडेसहाला मीच उठून दार उघडलं.

त्या आत आल्या. अंगावर पातळ पांढऱ्या शाली, काठ रंगीत. एकीची हात लावून पाहिली. हातमागाची होती, तिच्या आईने पाठवलेली. काकांना जुबैदाने घरी नेलं. मी निघणार होते, पण त्या शालवाल्या मुलीने मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. मला एक अक्षर कळलं नाही. मी शेवटपर्यंत बसले.

पाच जूनला सकाळी मुंबईला उतरते. सीपीआर, म्हणजे इथलं ओळखपत्र, आदल्या दिवशी जमा करायचं, म्हणजे खलास, एकोणतीस वर्षं संपली. सुटीवर यायचे तेव्हा आधी आई असायची, मग वहिनी आणि तू सुटी जुळवून यायचात. या वेळी विमानतळावर कुणी नसेल, ही सवय करते आहे. तुला ये म्हणत नाही. तुझी खुर्ची कुणीतरी धरून ठेवतं, ती मी कशी सोडायला सांगू?

पण तूच विचार कर, आणि काही लपवू नकोस.
लीना


कँटरबरी
११ मे २०२५

चि. लीना हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लहान आहे, कारण आतापासूनच बॅग भरायला काढली आहे.

चार जूनला मी मुंबईत पोचतो. पाचला सकाळी विमानतळावर असेन. तुझं सामान किती ते कळव, म्हणजे गाडी तशी सांगतो. तीन महिने सावेडीला राहीन. मध्ये आर्या नातवाला घेऊन पंधरा दिवस येते म्हणते. त्याला मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देईल, देऊ दे. सप्टेंबरात मी परत येईन, कारण खरं सांगायचं तर इथेही आता माझं थोडं काही आहे. पुढच्या उन्हाळ्याचं तेव्हा पाहू. सगळं एकदम ठरवायला आपण आता तरुण नाही.

तास सोडलास ते बरं केलंस. माझं मत मी मागे घेतो.

आज उपासनेनंतर मिसेस व्हाइटना सांगितलं की जूनच्या सुरुवातीला निघतोय, पुढे तीन महिने येणार नाही. त्या दर रविवारी हजर असलेल्यांची नावं एका वहीत लिहितात. मला वाटलं, आता माझ्या नावावर काट मारतील. त्यांनी जूनच्या दुसऱ्या रविवारचं पान काढलं, माझं नाव नेहमीच्या जागी लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. कुठे जाणार ते त्यापुढे तुमच्या भाषेत लिहा म्हणाल्या, वाचता नाही आलं तरी चालेल.

मी ‘गावी’ असं लिहिलं.

भेटीअंती बोलूच.
तुझा दादा