भुतांच्या सिनेमाला चार तारे

बाबा,
जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. मी मावशीकडे चाललेय, फोन करू नकोस.

त्या शाळकरी भुतांच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाची रविवारची तिकिटं काढणार होते, म्हणून आधी लोकांची मतं वाचली. कोणी म्हणतं पहिल्याची सर नाही, कोणी म्हणतं पोरांना घेऊन बिनधास्त जा. त्यातच आपल्या दोघांच्या अकाउंटवरून चार तारे! किती द्यायचे यावर आपण दर वेळी तासभर भांडतो ना रे? खाली तू लिहिलंयस, ‘मुलीसोबत पाहिला. शेवटी घाबरून तिने माझा हात सोडला नाही.’

मी कुठे पाहिलाय अजून? तुझ्या मैत्रिणीची मुलगी होती, तर तसं लिहायचं होतंस.