साक्षीचा कल कोणी पाहिला?

पिंपळे सौदागर,
५ जानेवारी २०२५

ती. आबामामांस,
प्राजक्ताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र. आमच्या सोसायटीत बोटांच्या ठशांवरून मुलांचा कल सांगणारे सर आले होते. आमच्या साक्षीचा कल संगणकाकडे निघाला. पुढच्या महिन्यापासून तिची कबड्डी बंद आणि कोडिंगचा क्लास सुरू. तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोलत नाही. तुमचं ऐकते, तुम्हीच समजवा.

मामींना नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची भाची,
प्राजक्ता

निगडी,
८ जानेवारी २०२५

चि. प्राजक्ता हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा चहा गार झाला. कंपनीच्या गेटवर युनियनची भाषणं करण्यात माझी हयात गेली. गोड बोलणारा मला लांबूनच कळतो. बोटाच्या रेषेत कोडिंग कुठून उमटलं, हे विचारलंस का त्या सरांना? शेजारच्या पोरांचे कल काय निघाले? सगळेच संगणकाचे निघाले असतील आणि क्लासही त्यांचाच असेल, तर त्यांनी पोरांचा नाही, आईबापांचा कल ओळखलाय! आणि ठसे घेताना तू समोर होतीस का? मला सगळ्याचाच संशय येतोय.

साक्षी जन्मजात चढाईपटू आहे. पहिल्याच सामन्यात मी ते ओळखलं. तिचं मैदान तोडू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते न मागता मिळतात.

तुझा,
आबामामा

पिंपळे सौदागर,
१२ जानेवारी २०२५

ती. आबामामांस,
सा. न. वि. वि.

तुमचा संशय खरा ठरला. क्लास त्यांचाच. शिवाय एका लग्नात काढलेल्या मेंदीमुळे यंत्र साक्षीचे ठसे घेईना, तेव्हा आईचेही चालतात म्हणून त्यांनी माझीच बोटं टेकवली. मी टेकवू दिली! संगणकाकडे कल माझा आहे, मामा. मला अजून मोबाइलवरून वीजबिल भरता येत नाही.

खजील होऊन काल कासारवाडीला तिचा सामना बघायला गेले. तुमची जन्मजात चढाईपटू प्रत्येक चढाईत बाद झाली. पण बाहेर बसली की मैत्रिणीला, महेकला, खुणेनं सांगायची, समोरची कुठली मुलगी दमलीय, कोणता कोपरा उघडा पडलाय. महेक तिथूनच गुण आणायची. घरी आल्यावर विचारलं. म्हणाली, चढाई तिला कधीच आवडली नाही. आबाआजोबांना वाईट वाटेल म्हणून जाते. तिला डाव आखायचाय.

तेव्हा मामा, ठसे माझे होते आणि चढाई तुमची. पुढच्या शनिवारी सामन्याला या, माझ्याशेजारी बसा. तिनं आपल्या दोघांनाही तोंड उघडायची मनाई केली आहे.

गप्प बसवलं तरी माया ठेवा.

तुमची,
प्राजक्ता