पाण्यात उतरणारा रस्ता

४ फेब्रुवारी

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. हे फोनवर सांगितलं असतं, पण आई शेजारच्या खोलीत आहे आणि तिचे कान अजून तिखट आहेत.

पाय गुडघ्याखाली कापल्यापासून ती घराबाहेर पडलेली नाही. जखम केव्हाच भरली. डॉक्टर म्हणतात, पोहली तर चांगलंच. पण जिने अर्ध्या शहराला पोहायला शिकवलं ती आता पोहण्याच्या तलावाचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून झोपते. काल म्हणाली, तिथे सगळे मला ओळखतात, त्यांच्या नजरा अंगावर घेऊन मला पाण्यात उतरायचं नाही.

म्हणून मी कोणी बघायला नसेल असं पाणी शोधतेय. गाडी थेट काठाशी जायला हवी, कुबड्या घेऊन ती खडकातून उतरणार कशी? आणि तंबूला सपाट जागा हवी. निवांत मुक्काम केल्याशिवाय ती काही पाण्याकडे वळायची नाही.

पावाची गाडी घेऊन रोज गावभर हिंडतेच, सुट्टीच्या दिवशी जरा लांब जाते इतकंच. पहिली जागा चित्रासारखी होती, पण गाडी टेकडीवरच थांबली. दुसरीकडे गाडी पोचली, तर तिथे लोक आधीच मोठ्याने गाणी लावून बसलेले. तिसरीकडे चाकं वाळूत रुतली. एका ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढलं. तो बहुतेक अजून हसत असेल.

तब्येतीला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र दुकानात वाचलं आणि त्या नादात एका आजोबांच्या डोळ्यांवर त्यांच्या बायकोचा चष्मा चढवला. त्यांना म्हणे छान दिसत होतं.

तुझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली की ती बाहेर काढणं कोणाच्या बापाला जमायचं नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी विचारतो. नदी म्हणजे तलाव नव्हे. धार असली तर? झोपेत पाणी चढलं तर? तू एकटी तिला कशी उचलणार? त्यापेक्षा तलाव बंद झाल्यावर आपल्यापुरता उघडून देतील का, ते विचार ना.

खरं सांगू, काळजी वाटते तेवढंच कौतुकही वाटतं. दिवसभर पावाचे ट्रे उचलून सुट्टीच्या दिवशी वाळूत गाडी रुतवायला कोण जातं? आईचा हट्ट तुझ्यातच उतरलाय, माझ्या वाट्याला नुसते तिचे कान आले.

काही ठरलं तर आधी कळव. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
बारक्या

२ मार्च

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. तलावाचं विचारलं होतं. ते लगेच हो म्हणाले, आईच नाही म्हणाली. तिला कोणाचे उपकार नकोत.

आता ऐक. नकाशा बघता बघता एक गंमत दिसली. एक रस्ता नदीपाशी तुटतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो. म्हटलं, इथून कधीतरी गाड्या तराफ्यावर चढत असणार. जाऊन पाहिलं तर तसंच. वरच्या अंगाला पूल झाला आणि हा धक्का लोक विसरले. रस्ता कुठे जातच नाही, तर येणार कोण? सिमेंटचा उतार हळूहळू सरळ पाण्यात शिरतो. वर झाडांखाली सपाट जागा आहे. बाजूच्या जुन्या भिंतीने धार अडवलेली, त्यामुळे आत पाणी संथ आहे.

तुझ्या शंका डोक्यात ठेवूनच सगळं तपासलं. तळ काठीने चाचपला. काठाशी खूण करून गाडीतच झोपले, सकाळी पाणी खुणेशीच होतं. जवळच्या वस्तीतल्या कार्यालयात विचारलं. ते म्हणाले, या मोसमात पाणी चढत नाही, खुशाल राहा, कचरा तेवढा मागे ठेवू नका. उतारावर शेवाळ होतं, ते तारेच्या ब्रशने घासून काढलं. दोन्ही हात भरून आलेत, म्हणून अक्षर असं आलंय.

येत्या शनिवारी तिला नेते. फक्त सहलीला, असं सांगितलंय.

तुझी,
ताई

१२ मार्च

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. गेलो आणि सुखरूप परतलो.

पहिल्या दिवशी रात्री तंबूत झोपायला येईपर्यंत ती गाडीतून उतरलीच नाही. दार उघडं ठेवून नुसती पाण्याकडे बघत बसली. मी तंबू उभारत होते, तर तिथूनच दोऱ्या कशा ताणायच्या ते सांगत होती. मी पोहण्याचा विषय काढला नाही.

सकाळी जाग आली तर ती तंबूत नाही. मी धावत बाहेर आले. ती उतारावर बसल्या बसल्या हातांवर मागे मागे सरकत पाण्याकडे निघाली होती. मला म्हणाली, जवळ ये, पण हात लावू नकोस. कमरेपर्यंत पाणी आल्यावर तिने अंग सोडलं. एका पायाने शरीर एका बाजूला कलंडलं, नाकात पाणी गेलं, खोकली. पुन्हा केलं, पुन्हा कलंडली. मग थोडी थांबली, कापलेल्या बाजूचा हात जरा रुंद टाकला, आणि बारक्या, ती सरळ गेली. भिंतीपर्यंत जाऊन परत आली. मी कमरेएवढ्या पाण्यात कपड्यांसकट उभी होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

तेवढ्यात वर एक मोटार येऊन थांबली. नवरा-बायको उतरले. कोणी येणार नाही म्हणून आणलेल्या जागी नेमके हे. मी टॉवेल घेऊन आईकडे पळाले. ती म्हणाली, बस खाली. ती बाई पाण्यात उतरून कसेबसे हात मारू लागली, तशी आईने लांबूनच तिला सांगितलं, कोपर वर घ्या, पाण्याला थापट्या मारू नका. थोड्या वेळाने आई तिच्या पोटाखाली हात धरून तिला तरंगायला शिकवत होती.

बाकी तीच लिहिते म्हणाली.

तुझी,
ताई

१२ मार्च

चि. बारकूस,

पोटभर आशीर्वाद. तुझ्या ताईला वाटतं तिने मला फसवून नेलं. नुसत्या सहलीला जाणारी माणसं घरून माझा पोहण्याचा पोशाख उशीखाली लपवून नेत नाहीत. तिचे सोललेले हात बघितल्यावर नाही म्हणवेना. असं लेकरू पोटी आलं, मला आणखी काय हवं?

जागा छान आहे. सुट्टी काढून ये, तिथेच मुक्काम करू. तू हल्ली पोहतोस की नुसता काठावर बसतोस ते बघायचं आहे.

सोमवारपासून मी तलावावर जाते आहे. लोक बघतील म्हणून ताई आतापासून धास्तावली आहे. बघू देत. बघून तरी त्यांना कळेल, हात कसा टाकायचा ते.

तुझी,
आई