भोजनसाक्षीची गुरुवारची भेट पुन्हा सुरू करणेबाबत

प्रति,
मा. आहार प्रोत्साहन अधिकारी,
पौष्टिक आहार कूपन योजना (अल्प उत्पन्न गट),
दुसरा मजला, खिडकी क्र. ४.

अर्जदार : कूपनधारक क्र. ४१७, वसाहत क्र. ३, खोली क्र. ४१. व्यवसाय : वजनकाटे दुरुस्ती.

विषय : अर्जदाराची ‘निरोगी’ ही नोंद रद्द करून त्यास पुन्हा पूर्ववत समजणेबाबत.

संदर्भ : आपले अभिनंदनपत्र (सोबतच्या प्रशस्तिपत्रासह).

महोदय,

१. सदर अर्ज मी सार्वजनिक आरोग्याच्या व्यापक हितासाठी करीत आहे. सार्वजनिक म्हणजे तूर्त मी एकटाच आहे. तरी तेवढ्यावरून अर्जाचे महत्त्व कमी लेखू नये, ही विनंती.

२. आपल्या योजनेनुसार कमी उत्पन्न व जास्त वजन असलेल्या व्यक्तीने भाजी वा फळे घेतल्यास पावतीच्या निम्म्या रकमेची कूपने मिळतात. तथापि काही लाभार्थी कूपनावर कोबी घेतात, तो वसाहतीच्या फाटकाशी विकतात आणि त्या पैशांची बिस्किटे खातात, असे आपल्या निदर्शनास आले. म्हणून आठवड्यातील एक जेवण साक्षीदारासमक्ष घेण्याचा नियम झाला. घरात दोन माणसे असली की ती एकमेकांसाठी सह्या करतात. नवरा बायकोने पालक खाल्ल्याचे लिहून देतो, बायको नवऱ्याने गाजर खाल्ल्याचे. पालक-गाजराचे काय होते ते त्यांनाच ठाऊक.

३. माझ्या अर्जातील ‘कुटुंबातील इतर व्यक्ती’ या रकान्यात मी ‘नाहीत’ असे लिहिले होते. खिडकीवरचे कारकून म्हणाले, “अहो, नाहीत कसे? कुणीतरी असेलच. तूर्त पेन्सिलीने लिहा.” तो शब्द अद्याप पेन्सिलीतच आहे. मला एक बहीण आहे, परंतु ती दुसऱ्या शहरात असते. ती फोनवर “जेवलास का?” असे विचारते व मी उत्तर देण्याच्या आत तिकडे मुलांवर ओरडू लागते. तिची सही ग्राह्य धरता येणार नाही, हे मलाही मान्य आहे. अशा एकट्या लाभार्थ्यांसाठी आपल्या खात्याने भोजनसाक्षी नेमले. माझ्या वाट्याला ज्या आल्या त्यांना सगळी वसाहत ‘आहारताई’ म्हणते.

४. आहारताई दर गुरुवारी दुपारी साडेबाराला येत. काखेत वही, पिशवीत पायाखाली ठेवायचा वजनकाटा. पहिले तीन गुरुवार त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत राहिल्या. मी दुधी खात राहिलो. सरकारी नजरेसमोर दुधी खाणे किती अवघड असते, याची कल्पना आपणांस बसल्या जागी येणार नाही. चौथ्या गुरुवारी त्या म्हणाल्या, “भाऊ, नियमात बसत नाही, पण सांगते. मीठ विसरलात तुम्ही.” मी विचारले, न खाता कसे कळले? म्हणाल्या, “तोंडावरून. माणूस असा चावतो का कधी?”

५. पाचव्या गुरुवारपासून मी टेबलावर दुसरे ताट मांडू लागलो. भोजनसाक्षीने लाभार्थ्याच्या घरी काहीही खाऊ नये, असा नियम असल्याचे मला माहीत आहे. आहारताईंनी माझ्याकडे काही खाल्ले, असे माझे म्हणणे नाही. मी ताट वाढून ठेवीत असे व नंतर ते रिकामे असे, इतकेच मी शपथेवर सांगू शकतो. त्याची चौकशी मी कधी केली नाही. आपणही करू नये.

६. या काळात मी भोपळा चार प्रकारे करायला शिकलो. आदल्या दिवशी बाजारात जाऊन भाजीवालीशी हुज्जत घालू लागलो. ती म्हणे, “काका, एकट्या माणसाला एवढा मोठा कशाला?” मी म्हणे, “उद्या गुरुवार आहे.” ती काय समजायचे ते समजली असावी, कारण ती वर कोथिंबीर घालू लागली. कूपनांबद्दल म्हणाल तर त्यातली बरीचशी चहाच्या डब्यात तशीच पडून आहेत. ती मोजण्याची मला कधी आठवण झाली नाही.

७. आता मूळ मुद्दा. खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई आहे. तिने पाच महिने इमानेइतबारे पालेभाजी खाल्ली, पण वजन हलेना. बाविसाव्या गुरुवारी आहारताई येऊन बसल्या त्या तिचेच सांगत. “भाऊ, आता अंगाला हिरवा रंग यायचाच काय तो बाकी राहिलाय तिच्या. आज काट्यावरून उतरली आणि पायरीवर बसून रडली हो. म्हणते, ताई, माझ्यातच काही खोट असेल.”

८. महोदय, तीस वर्षांच्या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो आहे. माणसात खोट आहे असे वाटले की आधी काटा तपासावा. परवानगी घेऊन मी आहारताईंच्या काट्यावर माझी पितळी वजने ठेवली. वीस किलोला काटा एकवीस दाखवीत होता. आतली स्प्रिंग थकली होती. स्प्रिंग थकली की तिच्यावर उभा राहणारा माणूस असतो त्याहून जड वाटतो. माझ्याकडे जोडाची स्प्रिंग होती. ताट रिकामे होईपर्यंत मी ती बसवून दिली. मजुरी घेतली नाही. आहारताई म्हणाल्या, “भाऊ, हाताला गुण आहे तुमच्या.” त्या आठवड्यात मी फार खुशीत होतो.

९. परिणाम आपल्यासमोर आहेच. पुढल्या आठ दिवसांत वसाहतीतील एकोणीस जणांचे वजन घटले. जाडांचे थोडे जास्त, बारकांचे थोडे कमी, पण सर्वांचे एकाच प्रमाणात. इतक्या शिस्तीने माणसे बारीक होत नाहीत. आपल्या कार्यालयाने या यशाबद्दल फलक लावला, त्यावर माझेही छायाचित्र आहे. शिवणकाम करणारी बाई जिना उतरताना हल्ली गुणगुणते.

१०. त्याच काट्यावर पुढल्या गुरुवारी मलाही उभे राहायचे आहे, हे दुरुस्तीच्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. आयुष्यभर मी काटे दुरुस्त करून ज्याचे त्याला परत दिले, त्यांच्यावर स्वतः उभा राहिलो नाही. तेविसाव्या गुरुवारी माझे वजन पावणेअठ्ठ्याहत्तरवरून एकदम चौऱ्याहत्तर भरले. मर्यादा पंचाहत्तरची. आहारताईंनी टाळ्या वाजवल्या, वहीत रेघ मारली आणि म्हणाल्या, “सुटलात बघा भाऊ!” भोपळा तसाच राहिला. त्यांना तीन घरे करायची होती.

११. त्यानंतर सात गुरुवार झाले. वजन वाढविण्याचे मी प्रामाणिक प्रयत्न केले आहेत. क्रीमचे पाव खाल्ले, दिवसदिवस खुर्चीवरून उठलो नाही. सातशे ग्रॅमच्या वर मजल गेली नाही. अखेरीस मी दवाखान्यातील काट्यावर कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक किलोचे वजन ठेवून उभा राहिलो. तेथील परिचारिका म्हणाली, “काका, खिसे रिकामे करा आधी.” दोन्ही वजने शासनाचा शिक्का असलेली होती, तरी तिने ती धरली नाहीत.

१२. मागील आठवड्यात आहारताई बसथांब्यावर भेटल्या. त्यांना आता दुसरी वसाहत दिली आहे. “कसे आहात भाऊ?” मी म्हणालो, “बरा आहे.” त्या म्हणाल्या, “मग झालं तर. बरं माणूस बघितलं की बरं वाटतं. इकडे वाट असती तर डोकावले असते हो.” मग बस आली. ‘बरा आहे’ हे उत्तर त्या वेळी देणे चुकीचे होते असे मला आता वाटते, परंतु बसथांब्यावर दुसरे काही सुचत नाही.

१३. वरील हकिगतीवरून स्पष्ट होते की मी सुधारलेलो नाही. बाविसाव्या आठवड्यात मी जेवढा होतो तेवढाच तेविसाव्यात होतो. सुधारला तो काटा. सबब माझी प्रार्थना अशी :

माझी ‘निरोगी’ नोंद रद्द करून भोजनसाक्षीची गुरुवारची भेट पूर्ववत सुरू करावी. कूपने न दिली तरी चालतील. आहारताईंना भेटीमागे जे मानधन मिळते त्याचा भार योजनेवर नको असल्यास मी खात्याचे सर्व काटे विनामूल्य दुरुस्त करून देईन. गुरुवार गैरसोयीचा असल्यास अन्य कोणताही दिवस चालेल. मी सर्व दिवशी घरी असतो.

१४. कदाचित आपण म्हणाल की काटाच चुकीचा होता, तर अर्जदार पहिल्यापासूनच मर्यादेच्या आत होता व योजनेस कधीच पात्र नव्हता. हे खरे आहे. मी हिशेब करून पाहिला आहे. तसे असल्यास माझ्यावर रीतसर चौकशी बसवावी व घेतलेल्या कूपनांची वसुली करावी. चौकशीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी शक्यतो साडेबाराच्या सुमारास यावे. ते काय खात नाहीत, हे आधी कळविल्यास सोयीचे होईल. मात्र इतर अठरा जणांना, विशेषतः खालच्या मजल्यावरील बाईला, यातील काही कळवू नये. तिचा काटा आहे तसा राहू द्यावा.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपला नम्र व आपल्या नोंदीप्रमाणे निरोगी,
(सही)
कूपनधारक क्र. ४१७
१२ तारीख, गुरुवार

सोबत :
१) प्रशस्तिपत्र (परत).
२) चहाच्या डब्यातील कूपने.
३) काट्याची जुनी स्प्रिंग, पुरावा म्हणून.

ता. क. : अर्ज खिडकीवर देताना कारकुनांकडून कळले की चौकशी व वसुली या दोन्हींसाठी आता माणूस पाठवीत नाहीत. पत्र येते.