कपाटाच्या फटीतला टॉवेल

म्हैसूर, रविवार संध्याकाळ

क्रूझवरून येऊन कपडेही धुऊन झाले, पण तो टॉवेल डोक्यातून जात नाही.

आमची केबिन नेमकी इंजिनाच्या वर. रात्रभर कपाटाचं दार खडखडायचं. बदलून मागितली, तर दुसरी रिकामी नव्हती. मी कानात कापसाचे बोळे घालायचो. अप्पांना ते नको. म्हणून टॉवेलाची घडी करून दाराच्या फटीत कोंबायचो. नाश्ता करून येऊन बघावं तर टॉवेल दांडीवर. रोज! साफसफाईवाल्याला चांगलंच सुनावलं.

आज आत्या चहाला आली होती. तिला हेच रंगवून सांगत होतो, तर अप्पा मध्येच म्हणाले, "अय्यो, त्याला कशाला बोललास? टॉवेल मीच काढायचो. तू झोपलास की."

"का पण?"

"तुझी आई रात्री ब्लाउज शिवत बसायची ना. मशीनच्या त्या आवाजातच मला झोप लागायची. बोटीत बऱ्याच दिवसांनी छान झोपलो."

एवढं तिथंच सांगायला काय झालं होतं? आणि मी तरी टॉवेल कोंबण्याआधी विचारलं कुठं?

आई गेल्यावर तिचं मशीन मावशीकडे दिलं. शिवणाऱ्या हातात गेलं, बरं झालं, असं तेव्हा सगळेच म्हणालो. अप्पासुद्धा.

आत्या उठताना मी अप्पांना विचारलं, "मग इथं घरी कशी झोप लागते तुम्हाला?"

"इथं? इथं सुम्ने, उगीच पडून असतो रे."