पाणक्याची शर्यत

वेल्डेहेम, जत्रेनंतरचा गुरुवार

तीर्थरूप दादांस,

धाकट्या फिर्मिनचा नमस्कार. आपली प्रकृती, मठातल्या सर्व बंधूंची प्रकृती आणि विशेषेकरून मठात गाळल्या जाणाऱ्या काळ्या बिअरची प्रकृती उत्तम असावी अशी आशा आहे. (मठात गेलेल्या सख्ख्या भावाला अहो म्हणायचं की अरे, हे मला तू झगा चढवलास त्या दिवसापासून कळलेलं नाही. इथवर अहो म्हटलं, देवाला तेवढं पावलं असेल. आता खाली अरेच म्हणतो.) इकडे माझ्या गोडलीवचे गुडघे धरलेत, आपल्या कॅफेचं छत गळतंय, मला मेल्याला काही होत नाही, आणि आपला भाऊ ओडिलोन मरतोय. हे मी तुला जूनमध्येच कळवलं होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, उपाय नाही, आणि पुढे नुसतं कुजत पडण्यापेक्षा डॉक्टरांच्या सुईने, कायद्याने, शुद्धीत असताना जायचं त्याने ठरवलंय, असं सगळं सविस्तर लिहिलं होतं. त्यावर तुझं एका ओळीचं उत्तर नाही. का नाही ते मी विचारत नाही. तुमच्यात मौन पाळतात म्हणे, पण तेव्हा पत्रही मुकं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

तर डॉक्टरीणबाई दिवस ठरवायला आल्या. ओडिलोन उशीला टेकून बसला आणि आपण सगळे समोर असताना (म्हणजे तू सोडून सगळे) म्हणाला, "जत्रा होऊ द्या बाई. जत्रेच्या शर्यतीत माझा वान्नेस एकदा जिंकलेला बघतो, मग या तुमची बॅग घेऊन." बाई शहरातल्या, त्यांना सायकलीतलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाल्या, जत्रेची शर्यत सोमवारी, मग बुधवारी येते. माणसाच्या मरणाचा दिवस दाताच्या डॉक्टरच्या वेळेसारखा ठरतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. खाली येऊन मी दोन ग्लास रिकामे केले आणि तिसरा भरताना ग्लास तिरपा धरायचं विसरलो, सगळा फेसच आला.

पण मुद्दा असा की वान्नेस जिंकणार! दादा, मठात असलास तरी हसलास ना? आपला पुतण्या तेहतीस वर्षांचा घोडा झाला, अख्खी जवानी त्याने शर्यतीत घातली, आणि एकदाही जिंकलेला नाही. तो त्याचा धंदाच नाही. तो पाणक्या. मागे संघाच्या गाडीपर्यंत जायचं, सदऱ्यात पाठीला बाटल्या खुपसायच्या, पुन्हा पुढे येऊन साहेबलोकांना पाजायच्या, मग साहेबाच्या पुढे राहून सगळा वारा आपल्या छातीवर घ्यायचा, आणि शेवटची रेघ दिसली की बाजूला व्हायचं. वर्तमानपत्रातल्या फोटोत तो नेहमी डाव्या कडेला असतो, अर्धा कापलेला. त्याच्या चाहते मंडळाचा मी अध्यक्ष. अकरा सभासद आहेत. त्यातले तीन वारले, पण त्यांची नावं आम्ही काढलेली नाहीत, नाहीतर मंडळ दोन आकड्यांतून एका आकड्यावर येईल. बाप मात्र एक शर्यत चुकला नाही. पोर दहा वर्षांचं होतं तेव्हापासून दर रविवारी पावसात, गारठ्यात, चिखलात छत्री धरून उभा. तो कधी तक्रारीचा शब्द बोलला नाही, आणि ती एक इच्छा त्याने आता मरताना बोलून दाखवली.

मग मीच म्हटलं, हे दैवावर कशाला सोडायचं? जत्रेच्या शर्यतीचे सौदे कसे होतात हे तुला काय सांगायचं, लहानपणी आपण याच कॅफेच्या टेबलाखाली बसून ते ऐकलेत. बुधवार तर ठरलेलाच होता, त्याच्याआधी भावाला एवढं सुख द्यायचं. सोमवारी सकाळी मी खाटकाच्या गॅरेजात गेलो. तिथे पोरं कपडे बदलत होती, मालिशच्या तेलाचा असा भपकारा की डोळ्यांतून पाणी. (तेलामुळेच.) यंदाचा जिंकणारा कोबे, हे कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. त्याला कोपऱ्यात घेतलं. पैशाचं नाव काढलं तर म्हणाला, "काका, मेल्या माणसाच्या नावाने पैसे खाऊ?" मी म्हटलं, अजून मेला नाही. म्हणाला, "मग तर मुळीच नाही." एवढा सज्जन मुलगा! मग मी तुमच्या मठाच्या काळ्या बिअरचं नाव काढलं आणि सज्जनपणाला तिथेच तडा गेला. "खरी? मठाच्या फाटकावरची? दुकानातली नव्हे?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, माझा भाऊ तिथे आहे. बघता बघता पाच-सहा जण गोळा झाले. लोडे नावाचा एक वाळका पोरगा म्हणाला, "काका, मी तसाही जिंकणार नाही. मला हरायचे किती?" म्हटलं, तुला एक क्रेट, तुझ्या स्पष्टपणाबद्दल.

दुपारी ओडिलोनचा पलंग आम्ही कॅफेच्या वरच्या खोलीत खिडकीला लावला. खाली रस्त्यावर शेवटची पांढरी रेघ. त्याला आता घोटही उतरत नाही, गोडलीव स्पंज बिअरमध्ये बुडवून ओठ तेवढे ओले करते. पण ग्लास भरून समोर लागतो, आणि ग्लासही त्याच बिअरचा हवा, काचेवर तिचं नाव छापलेला. शेजारी एकदा मायेने पाण्याच्या ग्लासात ओतून घेऊन आला तर हा मरता माणूस म्हणाला, "त्यापेक्षा सुई आणा." तर त्या दिवशी गोडलीवने ग्लास तिरपा धरून, अगदी धीराने, बोटभर फेस राखून काळी ओतली आणि खिडकीत ठेवली. उन्हात ती तांबूस दिसायला लागली. ओडिलोन तिच्याकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने बघत बसला. अंगावर कातडी तेवढी उरलीय रे त्याच्या. त्याला उचलताना मला वाटलं, मी नुसतं पांघरूणच उचललं.

शेवटच्या फेरीची घंटा झाली आणि सहा जण सुटून आले, त्यात वान्नेस. वळणावरून बाहेर पडले आणि सौद्याप्रमाणे नाटक सुरू झालं. आपल्या गावच्या हौशी मंडळींनीही इतकं वाईट नाटक केलं नसेल. एकाने पेडलवरून पाय काढून पोटरी चोळायला घेतली, एकाला नेमकी तेव्हाच तहान लागली, कोबे वाकून आपल्या चेनकडे असा बघायला लागला की जणू ती कोणी चोरलीय. वान्नेस एकटा पुढे! रेघ हाकेवर! अख्खा रस्ता ओरडतोय, सॉसेजवाला चिमटा टाकून पळत आलाय, भोंग्यावर बोलणाऱ्याचा आवाज बसलाय. आणि तेवढ्यात आपल्या गाढवाने मागे वळून पाहिलं. कोबे दिसत नाही म्हटल्यावर पाय थांबवले! बाजूला झाला, हाताने खूण केली, ये, माझ्या मागे ये! सवय, दादा, सवय! जन्मभर दुसऱ्यासाठी वारा खाल्ला, आता स्वतःसाठी कसा जाईल? कोबेने ब्रेक दाबले, याने दाबले, कोबेने आणखी दाबले. दोन धडधाकट माणसं, रेघ चार पावलांवर, आणि दोघं "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत जवळजवळ उभी! एवढ्यात मागून लोडे आला आणि जिंकला. नंतर तो रडवेला होऊन माझ्याकडे आला, "काका, मी थांबायला बघत होतो, पण मागून वारा होता हो." (क्रेट मात्र हवाच म्हणाला.)

सगळ्यांनी माना वर करून खिडकीकडे पाहिलं. मी जिना चढून वर गेलो. ओडिलोनने समोरचा ग्लास बाजूला सारला. म्हणाला, "बाईंना फोन लाव." मला वाटलं, आता मंगळवारीच या म्हणतोय. फोन हातात घेऊन तो म्हणाला, "बुधवारी नको. जिंकल्यावर म्हणालो होतो, तो जिंकलेला नाही." आणि फोन ठेवला. काल बुधवार होता. बाई आल्या नाहीत. सुईही आली नाही, आणि दुखणं मात्र वेळेवर येतं. कातडीवर वेदनाशामक पट्ट्या लावल्या तरी भागत नाही. काल कूस बदलताना तो असा ओरडला की खाली कॅफेत लोकांनी हातातले ग्लास टेबलावर ठेवले आणि पुन्हा उचललेच नाहीत. हे सगळं त्या पाणक्याच्या मूर्खपणामुळे. मी तीन दिवस त्याच्याशी बोललेलो नाही.

मठातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार सांग. लोभ तर तुमच्यात पाप, तेव्हा तो असू दे असं लिहीत नाही. आठवण असू दे.

तुझा धाकटा,
फिर्मिन

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायला संकोच वाटत होता. एकूण चौदा क्रेट मी तुझ्या जिवावर कबूल करून बसलोय. पोरांनी आपलं काम चोख केलं, प्रामाणिकपणे ब्रेक दाबले, तेव्हा त्यांना बुडवता येणार नाही. तुमच्या फाटकावर एका गाडीला किती मोजून देतात ते मला ठाऊक आहे. तू आतून काही जमव. पापाचं म्हणशील तर निकाल काही विकला गेला नाही, लोडे अगदी निष्पापपणे जिंकला.

ता. क. दुसरा : वरचं सगळं लिहून पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. आत्ता गोडलीव स्वयंपाकघरातून आली. वान्नेस तिच्याबरोबर बटाटे सोलत होता आणि तिने त्याला सरळ विचारलं, असं का केलंस रे? तो मान वर न करता म्हणाला, "काकू, कोबेच्या चेनला काही झालेलं नव्हतं. एवढी वर्षं लोकांच्या पाठी बघत सायकल चालवतोय, कोण खरा दमलाय आणि कोण खोटा, मला कळणार नाही? बाबा काय म्हणाले होते? जिंकला की मग या. मग मी नाही जिंकत." आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी बुधवार ऐकला होता रे. पोराने एकट्याने बापाचं बोलणं ऐकलं. मी त्याला वर गाढव म्हटलंय, ते खोडून वाच.

ता. क. तिसरा, शुक्रवारी : ओडिलोन दिल्या शब्दाचा पक्का, आणि पोर त्याच्याच हाडाचं. दोघांपैकी कोणी मागे हटणार नाही, आणि ओरडणं वाढतंय. रविवारी पलीकडच्या गावात शर्यत आहे. तिथे कोणाला क्रेट द्यायला नकोत. पोराचे पाय यंदा खरंच चांगले आहेत, मनावर घेतलं तर स्वतःच्या बळावर जिंकेल. दादा, तू ये. सुई बरोबर की पाप, यावर आपण नंतर हवं तेवढं भांडू. बिअर राहू दे. तू फक्त वान्नेसला जवळ बसव आणि सांग, बाळा, जिंक, बापाला मोकळं कर. तुझं ऐकेल तो. गोडलीव म्हणते, हे तूच सांगायला हवंस, दादाच्या गळ्यात कशाला घालतोस. कालपासून मी तीनदा वान्नेसच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मला नाही जमत रे. मलाही तो जिंकायला नको आहे.