पेठेपेठेचं पाणी

धारूर,
ता. २८ एप्रिल २०१६

केसर,

आईचा आशीर्वाद. लिहायचा रिवाज हाय म्हणून लिहिला. घ्यायचा का न्हाई ते तुझं तू बघ. इकडं सगळे जिते हायेत. खुशाली विचारू नको, असल्या दुष्काळात खुशाल कोण असतंय? चौथीपर्यंतचं अक्षर हाय, लावून वाच. दुसऱ्याकडून लिहून घेण्याजोगं हे पत्र न्हाई.

ह्या सोमवारी तुझ्या चुलतभावाच्या, राधाकिशनच्या पोरीच्या लग्नाला आंबाजोगाईला आले होते. तीन दिवस ऱ्हायले. कारखान्याचे चेअरमन येईस्तोर अक्षता थांबवल्या. कारखाना दोन वर्षं बंद, पर चेअरमनचं तोंड चालू. "पाणी जपून वापरा" म्हणले, आन् टँकरच्या पाण्यानं कोपरापस्तोर हात धुऊन जेवायला बसले.

बाकी मी मांडवात टिकलेच न्हाई. राधाकिशन म्हणला, "काकू, ह्या उन्हात कुठं निघालीस?" मी म्हणलं, "गाव बघते. माझा बाप ह्याला मोमिनाबाद म्हणायचा, तवापसून बघायचं ऱ्हायलंय."

गाव पायी फिरण्याजोगं हाय. एक पेठ सरली की दुसरी लागती. मी दारोदार पाणी मागत फिरले. पाणी मागितलं की दार उघडतं, आतलं माणूस दिसतं. मंगळवार पेठेत अर्धा पेला मिळाला. गुरुवार पेठेत एक सून म्हणली, "आजी, नळ आठ दिवसांनी येतो." मी म्हणलं, "मंग मी आठ दिवसांनी येते." हसली, आन् दिलं. मंडी बाजारात दुकानदारानं विकतची बाटली दाखवली. त्याला म्हणलं, "बाबा, तुझ्या शेवटच्या घोटाचेबी लोक पैसे घेतील."

देवळामागच्या गल्ल्या तिसऱ्या दिवसाला ठेवल्या. खोटं कावून लिहू? भ्यालते. सावित्रीबाई कासारणीनं मला सांगितलं होतं, "तुझी केसर तिथं पोळ्या लाटती."

निळ्या दारापशी पाणी मागितलं. आतून हात आला. तांब्या काठोकाठ. डाव्या अंगठ्यावर कोयत्याची खूण. ऊसतोडीच्या तुझ्या पहिल्या हंगामात लागला होता, हळद मीच भरली होती. मी पदर पुढं ओढला. तू वर बघितलं न्हाईस. म्हणलीस, "सावलीला बसून प्या, आजी." मी प्याले, तांब्या पायरीवर ठेवला आन् निघाले. त्या दिवशी जेवण गेलं न्हाई.

बारा वर्षांमागं तू अशीच माझ्या दारात उभी होतीस. डॉक्टरनं गर्भाची पिशवी काढलेली, तुला धड उभं ऱ्हावत नव्हतं. बंकटनं दुसरी बायको आणली होती. ऊस तोडायला नवरा-बायकोची जोडी लागती, अर्धा कोयता मुकादम घेत न्हाई, असं त्याचं म्हणणं. मी तुझ्या कडेवरली द्वारका घेतली आन् म्हणलं, "नवरा सोडलेली लेक माझी न्हाई." दार लावलं.

दारात भिकारी आला तरी आपण आधी पाणी विचारतो. तुला विचारलं न्हाई.

आता बंकटला लेक आठवली. द्वारका चौदाची हाय, नववीत जाणार. त्यानं तिला एका पोराला दिलीय. अक्षयतृतीयेला लग्न, दिवाळी झाली की दोघांचा कोयता कर्नाटकात. तुझा भाऊ आसाराम म्हणतो, "बापाची पोर, बाप बघंल." तुला पंधराव्या वर्षी दिली तवा मीबी असंच बोलले होते, आन् मांडवात मिरवले होते.

उद्या सकाळच्या यष्टीत तिला बसवते. शाळेचा दाखला दप्तराच्या अस्तरात शिवलाय. बंकट येईल, हात उचलंल. पोरगी विहिरीत गेली म्हणावं, तर विहिरीत पाणी न्हाई. सांगेन कायतरी. मारलं तर मारलं, दात तसेबी चारच ऱ्हायलेत.

तिला फक्त निळं दार सांगितलंय. तुझी आई मेली, असंच मी तिला आजवर सांगत आले. ते खोटं तू मोड, माझ्यानं होत न्हाई.

पाकीट चिकटवून तिच्याच हातात दिलंय. वाचून झालं असंल तर वर बघ, केसर. ह्या खेपेला बघ. पोरगी उन्हातनं आलीय.

आधी पाणी दे.

तुझ्या दारी पिऊन गेलेली,
छबुबाई